कीबोर्डवाला टॅब की पातळ लॅपटॉप: कोकणातल्या धंद्याला काय परवडतं

सरळ मुद्द्यावर येते. आमच्याकडे देवगड साईडला दोन्ही प्रकारची मशीनं रोजच्या वापरात आहेत. एक विंडोजवाला हायब्रिड टॅबलेट, म्हणजे ज्याचा कीबोर्ड काढता-लावता येतो तो, एक १४ इंची पातळ लॅपटॉप, आणि भाचीकडे कीबोर्ड केससकट आयपॅड एअर. घरचा धंदा हापूसच्या पेट्यांचा, त्याच्या जोडीला आंबा पल्प, आंबापोळी, कोकम आगळ, आणि दोन खोल्यांचा होमस्टे. भावजी कुडाळला घरांचे प्लॅन काढतात, त्यामुळे साईटवर टॅब कसा चालतो तेही जवळून बघितलंय. सीझन आला की बचत गटातल्या बायका, ओळखीचे बागायतदार, बारावी झालेल्या पोरांचे आईबाप, सगळे हेच विचारतात की टॅब घेऊ की लॅपटॉप, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. काम बसून करायचं असेल, बिलं, हिशोब, टायपिंग, लेबलं, तर त्याच पैशात पातळ लॅपटॉप कितीतरी जास्त काम देतो. हायब्रिड घ्यावा तो पेन किंवा उभ्याउभ्या वापर हे रोजचंच काम असेल तर, "दोन्हीचं काम एकात होईल" म्हणून नाही. आणि दोघांची तुलना करायची तर किंमत कीबोर्डसकट लावायची आणि स्पीड आपल्या मे महिन्यात बघायचा, दुकानाच्या एसीत नाही. या दोन गोष्टी केल्या की निम्मा घोळ तिथेच सुटतो.

आधी पैशाचं बघू. टॅबच्या जाहिरातीत जी किंमत असते ती नुसत्या पाटीची, म्हणजे कीबोर्ड-पेनाशिवाय नुसत्या टॅबची असते. आयपॅड एअरचंच घ्या, मार्च २०२५ मध्ये एम३ चिपवाला ११ इंची आला तेव्हा भारतात ५९,९०० रुपये. त्याचा मॅजिक कीबोर्ड २६,९००. पेन्सिल प्रो ११,९००. बेरीज करा, ९८,७०० होतात. आणि त्याच आठवड्यात एम४ चिपचा १३ इंची मॅकबुक एअर जाहीर झाला तो ९९,९०० ला! फरक बाराशे रुपयांचा, आणि त्या बाराशेत लॅपटॉपमध्ये मेमरी १६ जीबी मिळते जिथे टॅबमध्ये ८ जीबी, स्टोरेज २५६ जीबी जिथे टॅबमध्ये १२८, स्क्रीन मोठी, बॅटरी जवळपास दुप्पट (५३.८ वॉट-अवर विरुद्ध २९ च्या आसपास), आणि पूर्ण कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर. साधा आयपॅड घेतला तरी हिशोब तसाच, २०२५ मध्ये ३४,९०० चा टॅब आणि २४,९०० चा कीबोर्ड म्हणजे ५९,८००. त्या पैशात रायझन ५ किंवा आय५ वाला, १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी एसएसडीचा पातळ विंडोज लॅपटॉप तेव्हा सेलमध्ये नेहमी बसायचा (२०२५ च्या शेवटाला मेमरीचे भाव चढले, त्यामुळे आता इकडे तिकडे होईल). मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोचंही तसंच, टॅब लाखाच्या पुढे आणि कीबोर्ड वेगळा विकत, म्हणजे जाहिरातीत फोटो कीबोर्ड लावलेला आणि खोक्यात कीबोर्ड नाही. हे मला मनापासून पटत नाही. कीबोर्डशिवाय जी वस्तू लॅपटॉप होतच नाही तिला लॅपटॉप म्हणून विकताना कीबोर्ड आतच द्यायला हवा.

सॅमसंगचं एक बरं आहे, त्यांच्या टॅब एस९ मालिकेत पेन खोक्यातच येतं, आणि एस९ एफई साधारण ३७ हजाराला निघाला होता. कीबोर्ड तिथेही वेगळा, पण निदान पेनाचे दहा-बारा हजार वाचतात.

आता परफॉर्मन्स. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात कारण खोक्यावर चिपचं नाव सेम असतं. उदाहरण सांगते, इंटेलचा आय५-१२३५यू. हाच प्रोसेसर सरफेस प्रो ९ मध्येही आहे आणि त्या काळातल्या ढिगाने पातळ लॅपटॉपमध्येही आहे. या चिपची नेमाची पॉवर १५ वॉट, आणि थोड्या वेळासाठी ती ५५ वॉटपर्यंत उडी मारू शकते. आता ही उडी किती वेळ टिकणार ते चिप ठरवत नाही, बॉडी ठरवते. टॅबमध्ये सगळं सामान स्क्रीनच्या मागे, एक सेंटिमीटरपेक्षाही कमी जाडीत कोंबलेलं असतं, उष्णता जायला जागाच कमी. लॅपटॉपमध्ये चिप कीबोर्डखाली असते, खाली जाळी, बाजूने हवा, पंखा मोठा. म्हणून पहिली पाच मिनिटं दोघं सारखेच पळतात आणि नंतर टॅब हळूहळू मागे पडतो. दुकानात आपण बघतो ती पहिली पाच मिनिटंच.

आणि आपल्याकडे हे जास्तच जाणवतं. ॲपल स्वतःच आयपॅड आणि मॅकबुक एअर दोन्हीसाठी वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिते. मे महिन्यात दुपारी पॅकिंगच्या शेडमध्ये पत्र्याखाली काय तापमान असतं ते ज्याने पेट्या भरल्यात त्याला विचारा. आमचा हायब्रिड सकाळी फर्स्टक्लास चालतो, दुपारी बारानंतर तोच एक्सेल, तीच ब्राउझरची पंधरा पानं, आणि टाईप केलेलं अक्षर मागून उमटतं. टॅबच्या पाठीला हात लावता येत नाही इतकी ती तापते. त्याच टेबलावर लॅपटॉप पंख्याचा आवाज करतो पण काम चालू ठेवतो. होमस्टेसाठी ड्रोनचे व्हिडिओ कापून जोडायचे असतात तेव्हा तर फरक अजून मोठा, लॅपटॉपवर एक्सपोर्ट (जोडलेल्या व्हिडिओची शेवटची फाईल बनवणं) लावून मी चहा करून येते तोवर झालेला असतो, हायब्रिडवर जेवण उरकतं. आयपॅडबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, घरात सावलीत बसलं तर व्हिडिओ आणि फोटोंना तो विंडोज हायब्रिडपेक्षा खूपच फास्ट आहे, चिपच तशी आहे. पण बाहेर उन्हात नेला की स्क्रीन आपोआप मंद होते, तापला म्हणून. मॅकबुक एअरलाही पंखा नाही, त्यामुळे लांब एक्सपोर्टला तोही थोडा दम घेतो, पण बॉडी मोठी असल्यामुळे उशिरा.

पंखा नसण्याचा आपल्याकडे एक फायदा पण आहे, तो कोणी सांगत नाही. पंखा हवा आत खेचतो आणि आपली हवा खारी. समुद्रापासून जवळ राहणाऱ्यांच्या खिडकीच्या बिजागऱ्या बघा, तीच हवा लॅपटॉपच्या आत जाते. म्हणून पंखावाला लॅपटॉप असेल तर वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर उघडून साफ करून घ्यायचाच. साधं काम आहे, कणकवलीत कोणीही करून देतो.

सॉफ्टवेअरचा मुद्दा धंद्यावाल्यांसाठी किमतीपेक्षाही मोठा आहे. हिशोबाचं टॅली विंडोजवर चालतं. आयपॅडवर, अँड्रॉइडवर टॅली बसवता येत नाही, ब्राउझरमधून रिपोर्ट बघता येतात तेवढंच. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, त्याचे ड्रायव्हर विंडोजच्या हिशोबाने बनवलेले. एकट्याच्या नावावर जीएसटी असेल तर ओटीपीवर रिटर्न भरता येतं त्यामुळे टॅबवर निभावतं, पण बचत गटाने पुढे जाऊन कंपनी केली की टोकन आलंच. एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप हिशोब करणारे छोटे प्रोग्राम) असतील तर आयपॅडवर चालत नाहीत, आमच्या पेट्यांच्या हिशोबाची शीट, कोणत्या बागेतून किती डझन, कुठल्या साईजचा आंबा, वाशीला किती, पुण्याला घरपोच किती, ही सगळी मॅक्रोवर आहे म्हणून ती टॅबवर नुसती बघायची. लेबलं कोरलड्रॉमध्ये करतो, मराठी फॉन्ट श्रीलिपीचे, त्यामुळे ते काम विंडोजवरच. प्रिंटिंगवाल्याकडेही तेच, त्याला पीडीएफ चालते पण शेवटच्या क्षणी "ताई, वजन बदला" म्हटलं की मूळ फाईल लागते.

आता विंडोजच्या हायब्रिडमध्ये पण २०२४ पासून एक नवीन गोष्ट आलीये ती माहीत पाहिजे. जून २०२४ मध्ये स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे लॅपटॉप आणि सरफेस आले, बॅटरीला खरंच जबरदस्त आणि कमी तापणारे. पण ही एआरएम जातीची चिप, म्हणजे जुनी विंडोजची सॉफ्टवेअरं त्यावर भाषांतर करून चालवली जातात. बहुतेक ॲप चालतात. ड्रायव्हर मात्र असे भाषांतर होऊन चालत नाहीत, ते एआरएमसाठीच बनवलेले लागतात. म्हणजे तुमचा जुना लेबल प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, बोटाचा ठसा घ्यायचं मशीन, यातलं काय चालेल ते घेण्याआधी बघायलाच हवं. ज्यांचं सेतू केंद्र किंवा बँकेच्या ग्राहक सेवेचं काम आहे त्यांनी तर सरळ इंटेल किंवा एएमडीवालाच घ्यावा, मग तो हायब्रिड असो की लॅपटॉप.

एवढं सगळं टॅबच्या विरोधात लिहिलं म्हणून हायब्रिड वाईट असं मुळीच नाही. काही ठिकाणी लॅपटॉप त्याच्या जवळपासही येत नाही, आणि हे मी रोज बघते.

भावजींचं काम बघा. साईटवर जायचं, प्लिंथच्या मातीत उभं राहायचं, मालक म्हणतो "भाऊ, ही खिडकी थोडी मागे घ्या", आणि तिथल्या तिथे पेनाने पीडीएफवर लाल रेघ मारून त्याला दाखवायचं. लॅपटॉप तिथे ठेवणार कुठे? चिऱ्याच्या ढिगाऱ्यावर? ते पूर्वी कागदावर खुणा करायचे आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन परत ऑटोकॅडमध्ये सगळं करायचे. आता खुणा केलेली फाईल साईटवरूनच ऑफिसातल्या मुलीला जाते. अंतिम ड्रॉइंग मात्र तेही मोठ्या स्क्रीनच्या कॉम्प्युटरवरच करतात. त्यांच्यासाठी पेनाचे पैसे पहिल्या महिन्यात वसूल झाले असं ते स्वतः म्हणतात आणि मला ते पटतं.

बागेतही तसंच. कलमाखाली उभं राहून मोहोर, तुडतुडा, फवारणीची तारीख, कुठल्या कलमाला काय, फोटो काढून तिथेच नोंद. लॅपटॉप घेऊन कातळावर कोण फिरणार. एक मात्र आहे, आंब्याचा चीक हाताला असताना टचस्क्रीनला हात लावू नका, तो डाग घासून निघत नाही आणि स्क्रीनवरचा थर खराब होतो. आमच्याकडे नियमच आहे, बागेतला टॅब पेनानेच चालवायचा.

होमस्टेला पाहुणे आले की टॅब पुढे करायचा, आधारचा फोटो, सही, किल्ली दिली, संपलं. पाहुण्यांसमोर लॅपटॉप उघडून बसलं की ऑफिससारखं वाटतं. आणि सासूबाईंना लॅपटॉप कधी जमला नाही, टॅबवर त्या स्वतः मालवणीत बोलून मेसेज पाठवतात, मुंबईच्या गिऱ्हाईकांना पेटी कधी निघाली ते कळवतात. एकदा मी म्हटलं लॅपटॉपवर शिकवते, तर म्हणाल्या, "माका ता उघड-झाक नको, ह्या बरा आसा." यात स्पीडचा प्रश्नच नाही.

आणि लाईट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे लाईट यायला किती दिवस गेले ते तिकडच्या लोकांना विचारा, पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे सिंधुदुर्गातही तेच. अशा वेळी टॅबची छोटी बॅटरी हाच फायदा ठरतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, त्यातलं वाटेत काही वाया जातं. ११ इंची टॅब त्यावर दीड-दोन वेळा पूर्ण चार्ज होतो, पातळ लॅपटॉप जेमतेम एकदा, तोही पॉवर बँक यूएसबी-सी पीडीची (लॅपटॉपलाही चार्ज करू शकणारी) आणि बऱ्या वॉटची असेल तर. सिमवाला टॅब घेतला तर हॉटस्पॉटची पण कटकट नाही, पण २०२५ च्या आयपॅड एअरमध्ये त्या सिमचे १५,००० जास्त लागायचे, तेवढ्यात एक साधा ५जी फोन येतो, म्हणून मी नसता घेतला. रेंज काय खळ्याच्या एकाच कोपऱ्यात येते, ती फोनलाही तिथेच आणि टॅबलाही तिथेच.

पावसाचं पण बोलायला हवं. मॅकबुक एअरच्या माहितीत आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत लिहिलीये, आयपॅडच्या ९५ पर्यंत. आपल्याकडे जुलैमध्ये पडवीत बसलं की याच्या आसपासची हवा रोजचीच. सॅमसंगचे टॅब एस९ वाले आयपी६८ आहेत, म्हणजे पाणी आणि धूळ दोन्हीला टिकतात, आणि कोकणासाठी ही मला सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. पण ती चाचणी गोड्या पाण्याची असते. मालवण-तारकर्लीला बोटीवर, स्कूबाच्या बुकिंगला टॅब वापरणारे आहेत, त्यांनी खारं पाणी उडालं तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, पोर्ट सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. ओल्या खाऱ्या पोर्टमध्ये करंट गेला की आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. लॅपटॉप आणि टॅब दोन्ही पावसाळ्यात बंद कपाटात महिनाभर ठेवू नका, दोन-तीन दिवसांनी चालू करा, मशीनची स्वतःची ऊब ओल मारते. कीबोर्ड केसचं ते कापडासारखं अस्तर असतं ना, त्याला बुरशी धरते, ते सुक्या कपड्याने पुसत राहायचं. लॅपटॉपला हा प्रॉब्लेम नाही.

रिपेरिंगला लॅपटॉप पुढे. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि बॅटरी बदलता येते, मेमरी मात्र हल्ली खूपदा बोर्डावरच डकवलेली असते म्हणून घेतानाच १६ जीबी घ्या. टॅब उघडायचा म्हणजे चिकटवलेली स्क्रीन तापवून काढायची, ती तडकली तर संपलं. (सरफेस प्रो ८ आणि त्यानंतरच्या बऱ्याच मॉडेलांत एसएसडीला छोटं झाकण दिलंय, ती गोष्ट चांगली.) आमच्या हायब्रिडची बॅटरी बसली तेव्हा जवळ कोणी हात लावायला तयार नव्हतं, शेवटी फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागलं, येण्याजाण्याचा दिवस, वर मशीन तिथेच ठेवून या. त्यामुळे घेताना ऑनसाईट (घरी येऊन दुरुस्ती करायची) वॉरंटी आहे का आणि ती आपल्या पिनकोडला लागू आहे का ते आधी विचारा, दुकानदाराच्या तोंडी बोलण्यावर नाही, कंपनीच्या साईटवर पिनकोड टाकून.

वीस-पंचवीस हजारात विंडोजचा हायब्रिड मिळतो त्याच्या वाटेला जाऊ नका. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं, आणि ही मशीनं तेवढीच देतात, वर स्टोरेज ईएमएमसी जातीचं, ज्याची कमाल सेकंदाला ४०० एमबी, तर साध्या एनव्हीएमई एसएसडीला याच्या कितीतरी पट. एक अपडेट आला की मशीन अडकतं. सेकंडहँड जुने सरफेस पण सध्या स्वस्तात फिरतायत, त्याचं कारण असं की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या चिपवर, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. चिपची पिढी न विचारता पैसे देऊ नका.

ते ३६० अंशात उलटणारे लॅपटॉप असतात, त्यांना मी लॅपटॉपच धरते. चांगले असतात, पण उलटवून दीड किलो हातात किती वेळ धरणार.

मग कोणी काय घ्यावं. भाचीसारखं आर्किटेक्चर किंवा डिझाईनचं शिक्षण असेल आणि घरात आधीच एक कॉम्प्युटर असेल तर आयपॅड आणि पेन, कीबोर्ड केस कंपनीची न घेता दोन-अडीच हजाराचा ब्लूटूथ कीबोर्ड, तिथेच वीस हजार वाचले. इंजिनिअरिंगला रत्नागिरी-सावंतवाडीला जाणाऱ्या पोरांना सरळ १६ जीबीचा विंडोज लॅपटॉप, कारण सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअरं विंडोजशिवाय चालतच नाहीत. बागायतदार, पल्पवाले, बचत गट, होमस्टे, यांना पन्नास-साठ हजारातला पातळ लॅपटॉप पहिला, आणि सीझन चांगला गेला तर बागेसाठी नुसता साधा अँड्रॉइड टॅब, पेनवाला. दोन्हीची बेरीज एका चांगल्या हायब्रिडपेक्षा कमी होते आणि एक बिघडला तर दुसरा हातात राहतो.

बिल घेताना जीएसटी नंबर सांगून धंद्याच्या नावाने घ्या. लॅपटॉप-टॅबवर १८ टक्के आहे, म्हणजे ५९,००० च्या लॅपटॉपमध्ये ९,००० रुपये टॅक्सचेच. पल्प, आगळ, सरबत यांची टॅक्सवाली बिलं तुम्ही करत असाल तर ते क्रेडिटला मिळतात, म्हणजे तुम्ही भरायच्या टॅक्समधून वजा होतात. नुसता ताजा आंबा विकत असाल तर त्यावर जीएसटीच नाही त्यामुळे क्रेडिटही नाही, आणि दोन्ही विकत असाल तर टॅक्सवाल्या विक्रीच्या हिश्शाएवढंच, ते सीएला विचारून घ्या, पण बिल तरी धंद्याच्या नावाने असू दे, घरच्या नावाने घेतलेलं नंतर बदलून देत नाहीत.